ड्रायव्हरराव, डावीकडे पाहां

आपल्या डोळ्यांवर काडीचाही विश्वास नसलेली, आणि तरीही उजाडल्यापासून मावळेपर्यंत नुसती बघतच बसणारी अशी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी आमची घरमालकीण निघाली. बँकेनं माझी बदली चेन्नईला केली तेव्हा मी मैलापुरात घर शोधत होते. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एक जुनं दुमजली घर होतं. वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता आणि खाली मालकीणबाई एकट्या राहायच्या. शहरातल्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत. माणसाचा मेंदू बघतो कसा, हा त्यांचा विषय. विद्यार्थी त्यांना 'प्रोफेसर अम्मा' म्हणत. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना 'कण्णाडी अम्मा' म्हणायची, म्हणजे चष्मेवाल्या बाई, आणि त्याचं कारण मला पुढे कळलं.

घर बघायला गेले तर त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मांसाहार करता का तेही विचारलं नाही. समोर कॉफीचा टंब्लर ठेवला आणि म्हणाल्या, "डावा डोळा मिटां. उजव्या डोळ्यानं त्या भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहां. हालायचं नाहीं." मी खिळ्याकडे पाहत राहिले आणि त्या टंब्लर टेबलावरून हळूहळू उजवीकडे सरकवत गेल्या. एका जागी तो चक्क नाहीसा झाला. वाफ नाही, पितळ नाही, टेबलाचं लाकूड मात्र सलग. "कुठे गेला?" मी ओरडले. बाई अशा खूश झाल्या की त्यांनी टाळीच वाजवली. "प्रत्येकाच्या डोळ्यांत एवढं एक भोक असतें. मेंदू तें झांकतो, आणि आपल्याला सांगत सुद्धां नाहीं." माझ्याआधी घर बघायला आलेल्या गृहस्थांनी 'मला टंब्लर स्वच्छ दिसतो' असं ठणकावून सांगितलं होतं, म्हणून त्यांना घर मिळालं नव्हतं. मला किल्ली मिळाली. कॉफी तोवर निवली होती.

त्यांची ती मराठी ऐकून मी गोंधळलेच होते. त्यांचं घराणं मूळ तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून खाली उतरलेलं. त्यांच्या मराठीत अजून अनुस्वार होते, 'कोठें' आणि 'तेथें' होतं, आणि वाक्य तमिळच्या चालीवर झुलत झुलत शेवटाला पोचायचं. माझे आईवडील भुसावळहून माझ्याकडे राहायला आले तेव्हा आईनं पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकलं आणि वर येऊन मला म्हणाली, "अगं, या बाई पोथीतून उठून आल्यासारख्या बोलतात." उलट बाईंचं म्हणणं असं, की तुम्ही तिकडची माणसं मराठी फार घाईत बोलता, जणू कोणी मागं लागलंय. कोणतीही गोष्ट दाखवायची झाली की मात्र त्यांच्या तोंडून तमिळच निघायचं. "पारुंगो!" म्हणजे बघा. दिवसातून किती वेळा 'पारुंगो' यायचं याला सुमार नव्हता. कडुलिंबाखाली पडलेले उन्हाचे कवडसे बघा, ते गोल का. ओल्या रांगोळीकडे टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, तिथं काळी रांगोळी कशी तरंगते. चंद्र गच्चीच्या कठड्याशी असला की केवढा, आणि डोक्यावर आला की एवढासा, बघा. बघून झालं की प्रश्न यायचा, "काय दिसलें?" आणि आपण काहीही उत्तर दिलं तरी त्या मान हलवत पुटपुटायच्या, "अप्पडिया?" असं होय? त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं असायचं. इतकी वर्षं शिकवूनही समोरच्याला काय दिसत असेल हे आपल्याला आधी माहीत आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांचे वर्ग पुष्कळदा घरच्या ओसरीवरच भरत. मुलंमुली चपला काढून बसत, आणि प्रत्येकाच्या हातात बाई एकेक वांगं देत. अर्धा तास नुसतं वांग्याकडे बघायचं. मग पहिल्याला विचारायच्या, "काय दिसलें?" तो बिचारा म्हणायचा, "वांगं." "वांगें तुम्हांस आधींच ठाऊक होतें. दिसलें काय, तें सांगां." मग कोणी म्हणायचं, वर पांढरा डाग दिसला, कोणी म्हणायचं, त्या डागात खिडकी दिसली, आणि एखादी भोळी मुलगी कबूल करायची, की बघता बघता वांगं दिसेनासंच झालं आणि घरची आठवण आली. तिला सगळ्यात जास्त मार्क मिळायचे. वर्ग संपला की वांगी गोळा होऊन स्वयंपाकघरात जात, त्यामुळे वर्गाच्या दिवशी आमच्या जिन्यात नेहमी वांग्याच्या सांबाराचा वास असे. डोळ्यांनी आपण बघतो हे बाईंना मुळीच मान्य नव्हतं. "डोळा नुसता टपालवाला. बघणारा मेंदू, आणि तोही येथें," असं म्हणून त्या स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, अंबाड्यावर हात ठेवायच्या. "जेथें मेंदू बघतो, नेमकें तेथेंच आम्ही बायका मल्लिगै माळतों. कोणास ठाऊक होतें म्हणून?" मोगऱ्याचा गजरा माळलेली बाई रस्त्यात पाठमोरी दिसली की मला आजही वाटतं, ही मागून आपल्याकडे बघते आहे.

त्यांच्या संशोधनातलं अर्धंअधिक त्या आधी स्वतःवर करून बघत. गिंडीच्या कारखानी भागातल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी एक चष्मा बनवून आणला होता. चष्मा कसला, पट्ट्यानं डोक्याला बांधायची पेटीच ती. आत भिंगं अशी बसवलेली, की डावीकडचं उजवीकडे दिसावं आणि उजवीकडचं डावीकडे. हा चष्मा लावून त्या आठ-दहा दिवस सगळे व्यवहार करत होत्या. मेंदू किती दिवसांत नव्या जगाला सरावतो, हे त्यांना बघायचं होतं. मैलापूर मात्र पहिल्या दिवशीच सरावलं. भाजीवाली त्यांच्या उलट्या हाताच्या बाजूला शांतपणे कोथिंबीर धरायची. देवळात पुजाऱ्यानं आरतीचं ताट पुढे केलं, तर बाईंनी भक्तिभावानं शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या टकलावर हात ठेवला आणि तो डोळ्यांना लावला. त्या गृहस्थांनीही, त्यांना काय वाटलं कोण जाणे, "नल्ला इरु," सुखी राहा, म्हणून आशीर्वाद दिला. चष्मा उतरवला त्या दिवशी सरळ जग बाईंना इतकं परकं वाटलं, की त्या दिवसभर झोपाळ्यावर डोळे मिटून बसून राहिल्या. मी खाली डोकावले तर हसत म्हणाल्या, "तें जगही काहीं वाईट नव्हतें, बाई. थोडे दिवस राहिलें असतें तर घर झालें असतें."

या बाईंची आणि आमच्या अप्पांची गट्टी जमेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. अप्पा म्हणजे माझे वडील, मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, आवाज मात्र इंजिनाच्या वर चढेल असा. बाईंच्या घरात मागच्या बाजूला एक कोठी होती. तिचं दार-खिडकी घट्ट बंद करून त्यांनी खिडकीच्या फळीला बोराएवढं भोक पाडलं होतं. आत बसून थोडा वेळ गेला, डोळे अंधाराला सरावले, की समोरच्या भिंतीवर गल्ली उमटायची. आभाळ खाली, त्यात बुडालेली नारळाची झावळी, वर छताशी लटकलेला रस्ता, आणि त्यावरून डोकं खाली करून आवाज न करता जाणारी रिक्षा, सायकल, फुलवाली. भर दुपारी तिथं बसलं की आपण तळ्याच्या तळाशी आहोत असं वाटे. अप्पा पहिल्यांदा आत गेले ते तासभर बाहेर आलेच नाहीत. मग त्यांचा आवाज आला, "बाई, ही माणसं उलटी का चाललीत?"

"आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत तीं उलटीं असतात, ड्रायव्हरराव. मेंदू सुलटीं करतो."

"पण मेंदूला कोणी सांगितलं, सुलटं कुठलं ते?"

बाईंनी उठून वही आणली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. नंतर त्यांनी तो प्रश्न प्रत्येक वर्गात, 'माझ्या वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हररावांनी विचारलेला' असं सांगून विचारायला सुरुवात केली. अप्पांना ते कळलं तेव्हा ते दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते.

आईचं मात्र चेन्नईत मन रमत नव्हतं. भाषा कळत नाही, उकाडा सोसवत नाही, भुसावळच्या शेजारणी नाहीत. तिला परत जायचं होतं आणि अप्पांना ते बाईंचं घर सोडवत नव्हतं. एका संध्याकाळी त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. अप्पा म्हणाले, "तुला जायचं तर तू जा." आई उठून आत गेली. आणि त्याच आठवड्यात अप्पांना पक्षाघाताचा झटका आला.

ते वाचले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डावा हात थोडा अशक्त होता, एवढंच आम्हाला दिसत होतं. निघताना डॉक्टरांनी मेंदूच्या उजव्या बाजूबद्दल काहीतरी समजावलं होतं, पण गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवण्याच्या नादात ते आमच्या कानावरून गेलं. घरी आल्यावर मात्र अप्पा कोणी वेगळेच झाले. दाढी केली तर उजव्या गालाची. डावा गाल तसाच. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा आणि ते चौकटीवर चिडायचे. ताटातली अर्धी पोळी ठेवून उठायचे आणि वर 'पोट भरलं नाही' म्हणायचे. हे सगळं आईनं सोसलं असतं. तिला सोसवलं नाही ते वेगळंच. जन्मभर ती पलंगाशी त्यांच्या डाव्या बाजूला बसत आलेली. आता ती तिथं बसून चहा पुढे करायची, आणि अप्पा समोर भिंतीकडे बघत राहायचे. तिनं हाक मारली तर मान उजवीकडे वळवायचे, तिथं कोणी नाही म्हणून पुन्हा गप्प. जळगावहून काकांचा फोन आला. ते म्हणाले, दादा पहिल्यापासून हट्टी, आता जास्त झालाय. एक दिवस मी बँकेतून आले तर आई बॅग भरत होती. "माझं तिकीट काढ," ती म्हणाली. "त्यांनी मला जा म्हणून सांगितलं होतं. आता तोंडानं सांगत नाहीत, एवढंच. मी शेजारी बसलेली असते गं, आणि मी तिथं नाहीच असं वागतात."

तिकीट काढते म्हणून मी वेळ मारून नेली. त्याच सुमारास पोंगल आला आणि बाईंनी आम्हा तिघांना खाली जेवायला बोलावलं. ओसरीवर केळीची पानं मांडली होती. अप्पांच्या डावीकडे आई, समोर मी. बाई आणि त्यांची स्वयंपाकीण वाढत होत्या. इकडच्या पद्धतीप्रमाणे पानाचं टोक डावीकडे. त्या बाजूला मीठ, लोणचं, पापड, आणि भाज्या उजवीकडे. अप्पांनी उजवीकडचं सगळं चाटूनपुसून संपवलं आणि मग त्यांच्या त्या इंजिनाच्या आवाजात म्हणाले, "प्रोफेसरबाई, जेवण उत्तम, पण पानात मीठ नाही, लोणचं नाही. पापडसुद्धा नाही!"

आईनं मान खाली घातली. लोणचं तर तिथंच होतं, पापडही होता, सोनेरी, त्यांच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी मला हातानं थांबवलं. त्या अप्पांच्या पुढ्यात खाली बसल्या. त्यांनी पानाची दोन्ही टोकं धरली आणि पान अलगद अर्ध्या वर्तुळात फिरवलं. स्वयंपाकिणीनं "अय्यो!" म्हणून तोंडावर हात ठेवला, सणाच्या दिवशी वाढलेलं पान उलटं फिरवणं म्हणजे अशुभच. पण अप्पांचा चेहरा उजळला. "हां! आत्ता कसं वाढलं!" असं म्हणून त्यांनी पापड मोडला.

बाई तिथंच बसून त्यांना खाताना बघत होत्या. मग त्यांनी आईला उठवलं. हाताला धरून त्यांनी तिला अप्पांच्या पाठीमागून नेलं आणि उजव्या बाजूला आणून बसवलं. अप्पांनी मान वळवली. तिच्याकडे बघतच राहिले. हातातला घास हातातच राहिला.

"अगं, होतीस कुठे तू?" ते म्हणाले. "किती दिवस शोधतोय. पोरीला विचारायची लाज वाटत होती. म्हटलं, खरंच निघून गेली."

 आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि ते बघून अप्पाच गोंधळून विचारत राहिले, काय झालं, तिखट लागलं का.

जेवणं झाल्यावर बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. "त्यांचे डोळे शाबूत आहेत. मेंदूनं डावी बाजू सोडून दिली आहे. त्यांना तेथें अंधार दिसतो, असें समजूं नका. तुमच्या पाठीमागें आत्तां तुम्हांस काय दिसतें?" आई म्हणाली, "काही नाही." "अंधार दिसतो?" "नाही. तिथं... काहीच नाही." "तसेंच त्यांस डावीकडे. तुम्ही त्यांस नको होतां म्हणून नव्हें, बाई. तुम्ही बसत होतां ती जागाच त्यांच्या जगांत उरली नव्हती." आईनं वर येऊन बॅग रिकामी केली. लुगडी कपाटात परत लावली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी अप्पांचा ताबा घेतला. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही दुजोरा दिला, व्यायाम सांगितले. पण अप्पा व्यायाम कसले करतात! 'डावीकडे बघा' म्हटलं की म्हणायचे, बघतोच आहे. बाईंनी पेपराच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, लाल दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही; तर अप्पांनी पेपर वाचणंच सोडलं. "अख्खी कोळशाची गाडी घाटातून काढलीय मी, मला बघायला शिकवता?" त्यावर बाईंनी जरा विचार केला आणि विचारलं, "ड्रायव्हरराव, तुमचे सिग्नल कोणत्या बाजूस असत?"

"डावीकडे. बहुतेक सगळे डावीकडेच."

"आणि ते तुम्ही मनांतल्या मनांत पाहत होतां?"

"छे! मनात कसलं? दोघांनी मोठ्यांदा बोलायचं. असिस्टंट म्हणणार, सिग्नल काय. मी बघून सांगणार. तो पुन्हा म्हणणार. तसा नियमच आहे."

"सरी," म्हणजे ठीक, असं म्हणून बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्याशेजारी नेऊन ठेवली. "मी असिस्टंट."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या ओसरीवरून एक अदृश्य मालगाडी सुटू लागली. बाई अंबाड्याला गजरा माळून, हातात कॉफीचा टंब्लर घेऊन गंभीरपणे ओरडायच्या, "डावीकडे सिग्नल काय?" अप्पांची मान इंचाइंचानं डावीकडे वळायची. सुरुवातीला ती मधेच अडायची. तिथं जग संपायचं. बाई पुन्हा ओरडायच्या, "ड्रायव्हरराव, डावीकडे पाहां! सिग्नल आला नाहीं!" मग आणखी थोडी वळायची. "दूधवाला! पिवळा!" अप्पा सिग्नलच्या भाषेत ओरडायचे, पिवळा म्हणजे जपून. "दूधवाला, पिवळा!" बाई दुजोरा द्यायच्या. गल्लीतली माणसं आधी थांबून बघायची, मग तीही सामील झाली. ज्याला त्याला वाटायचं, आपण अप्पांना दिसावं. इस्त्रीवाला मुद्दाम डावीकडून यायचा आणि ओळखलं जाईपर्यंत कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा राहायचा. आई आधी उजवीकडे बसायची. बाईंनी काही आठवड्यांनी तिला समोर आणलं, मग थोडी डावीकडे, मग आणखी थोडी. ती बांगड्या वाजवायची, खाकरायची. हळूहळू बाईंनी तेही बंद केलं.

एका सकाळी आई पार डावीकडे, पायरीच्या टोकाला, आवाज न करता शेंगा सोलत बसली होती. अंगावर लाल काठाची नव्हे, अख्खी लालच साडी. बाईंनी आरोळी दिली. अप्पांची मान वळली, नेहमीच्या जागेपाशी अडली, मग सावकाश पुढे गेली आणि थांबली. 

"स्टॉप सिग्नल," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "लाल. गाडी पुढे जाणार नाही."

नियमाप्रमाणे असिस्टंटनं तेच शब्द पुन्हा म्हणायचे असतात.  पण बाई आपला रोजचा चष्मा काढून पुसत बसल्या.

अप्पांबद्दल बाई काहीतरी लिहितील असं त्यांच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं. एकानं तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "ते माझे शेजारी. शेजाऱ्यांवर कोणी निबंध लिहितें काय?" अप्पा पूर्ण बरे झाले असं नाही. थकले की डावी बाजू पुन्हा निसटायची, आणि मग आईच उठून उजवीकडे जायची, जणू चांदणं खिडकीतून सरकावं तशी. पुढे माझी बदली झाली. अप्पा-आई भुसावळला परतले आणि मी जवळच जळगावला आले. अप्पा त्यानंतर काही वर्षं चांगले जगले, आणि गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले.

बाईंना कळवलं, तर त्या आल्या. सत्तरी उलटलेली, एकट्या, एवढ्या लांबच्या गाडीनं. जन्मात पहिल्यांदाच महाराष्ट्रात. स्टेशनवर उतरल्यापासून त्या पाट्या मोठ्यांदा वाचत होत्या, हमालाचं बोलणं थांबून ऐकत होत्या. रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, "इतकीं माणसें मराठी बोलतात! आमच्या घरांत शेवटीं मी एकटीच उरलें होतें." चार दिवस राहिल्या. आई आणि त्या दुपारी अंगणात शेंगा सोलत बसायच्या. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा आई सांगत होती, "शेवटी शेवटी ते डाव्या कुशीवरच झोपायचे, बाई. माझ्याकडे तोंड करून. सवय लावून घेतली होती." बाई ऐकत होत्या. अंगणात ऊन कलत होतं, आणि त्यांनी आईचा हात आपल्या मांडीवर घेतला होता.

निरोप देताना फलाटावर आई म्हणाली, "परत या." बाई खिडकीतून म्हणाल्या, "येतें." मग आपल्याशीच हसल्या. "तमिळांतही जाणारा येतोंच म्हणतो. जातों कोणी म्हणत नाहीं." गाडी हलली. आई फलाटाच्या शेवटापर्यंत चालत गेली.

अजून काही त्या आलेल्या नाहीत. फोनवर सांगतात, गुडघे ऐकत नाहीत, थंडी पडू दे. आमचं भुसावळचं घर रुळांपासून लांब नाही. दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला, की आई हातातलं काम थांबवते, जराशी कान देऊन बसते, आणि मग पुन्हा कामाला लागते.